खुब्याचं रिसरफेसिंग: चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादकासाठी सर्जनची निवड

रुग्ण पुरुष, वय ४८, चोपडा तालुक्यातले केळी उत्पादक. उजव्या पायाचं दुखणं दोन वर्षांपासूनचं. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, म्हणून इथेही आप्पाच. मी त्यांचा फॅमिली डॉक्टर आहे, हाडांचा सर्जन नव्हे. त्यामुळे हे टिपण ऑपरेशन कसं केलं याचं नाही, ते कोणाकडून करून घ्यायचं हे कसं ठरलं याचं आहे. आप्पांच्या संमतीने लिहितो आहे.

"सर्जन कोण चांगला?" हा प्रश्न आमच्या दवाखान्यात नेहमीचा. त्याचं उत्तर बहुतेक घरांत "अमक्याच्या सासऱ्यांचं तिथेच केलं, आता पळतात" यावर संपतं. खुबा पूर्ण बदलायचा असेल तर असल्या उत्तरावर बऱ्याचदा निभावून जातं. रिसरफेसिंगमध्ये, म्हणजे मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा न कापता त्याच्यावर धातूची टोपी बसवण्यात, निभावत नाही.

तक्रार गुडघ्याची, रोग खुब्याचा

आप्पा पहिल्यांदा आले ते गुडघ्याचे एक्स-रे घेऊन. "मना गुडघा दुखस, डॉक्टर," हीच तक्रार. आधी एका ठिकाणी गुडघ्यात इंजेक्शनं घेऊन झाली होती, पट्टा लावून झाला होता आणि मेडिकलवरून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज चालू होत्या. फिल्ममधला गुडघा मात्र त्यांच्या वयाला शोभेसा, ठीकठाक होता.

खुब्याचं दुखणं मांडीतून गुडघ्याच्या आतल्या बाजूला उतरतं, कारण दोन्ही सांध्यांकडे जाणाऱ्या काही नसा एकच असतात. त्यांना टेबलावर उताणं झोपवलं, गुडघा वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळवलं. असं केलं की खुबा आत फिरतो. डावा पाय सहज फिरला. उजवा जेमतेम हलला आणि आप्पांनी टेबलाची कड घट्ट धरली. मग एकेक गोष्ट बाहेर आली: चपलेचा पट्टा मुलगा लावून देतो, पायाची नखं बायको कापते, मोटारसायकलवर बसायला ओटा शोधावा लागतो, पंगतीत मांडी घालून बसणं कधीच बंद झालंय. ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला उकिडवं बसता येत नाही म्हणून तेही काम सालदाराकडे गेलेलं.

दोन्ही खुब्यांचा एकत्र एक्स-रे काढला. उजव्या सांध्यातली फट वरच्या बाजूला संपलेली, हाडाला हाड लागलेलं. गोळा अजून गोल होता, दबून बसलेला नव्हता. एमआरआयमध्ये रक्तपुरवठा तुटून हाड मेल्याची खूण नव्हती. म्हणजे ही साधी झीज, ऑस्टिओआर्थरायटिस, फक्त वयाच्या मानाने लवकर आलेली.

हे निदान पक्कं होण्याआधी सर्जन शोधायला निघू नये. आमच्याकडे याला आणखी एक कारण आहे. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा या तालुक्यांच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात पावरा आणि भिल्ल समाजात सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे. विशी-तिशीतला मुलगा लंगडत आला आणि खुब्याचा गोळा बसलेला दिसला, तर आधी सिकलसेलची तपासणी. त्या आजारात गोळ्याचं हाड रक्ताविना मरतं. मेलेल्या हाडावर धातूचं आवरण बसवून ते टिकत नाही, शिवाय भूल आणि शस्त्रक्रिया दोन्हींची तयारी वेगळी करावी लागते. अशा मुलाला कोणी रिसरफेसिंगसाठी दूर पाठवलं तर त्याची पहिली पायरीच चुकली असं मी म्हणेन.

पुण्याच्या पुतण्याने आणलेली बातमी

जळगावच्या ज्या सर्जनकडे मी आप्पांना पाठवलं, त्यांनी फिल्म पाहून सरळ सांगितलं, "खुबा बदलावा लागेल. आज करा किंवा वर्षाने, गोळ्यांवर फार दिवस काढू नका." तोवर पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याने अँडी मरेची गोष्ट शोधून काढली होती. टेनिसपटू मरेवर जानेवारी २०१९ मध्ये खुब्याचं रिसरफेसिंग झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची एकेरीची स्पर्धा जिंकली. पुतण्याचं म्हणणं, काकांनाही तेच करू.

पुतण्याला उडवून लावायचं कारण नव्हतं, फक्त दोन्ही ऑपरेशनांतला फरक घरात सगळ्यांना कळायला हवा होता. पूर्ण खुबा बदलताना मांडीच्या हाडाचा गोळा मानेपासून, म्हणजे त्याच्या खालच्या अरुंद भागापासून, कापून काढतात, हाडाच्या पोकळीत दांडा बसवतात आणि दांड्यावर नवा गोळा. रिसरफेसिंगमध्ये गोळा कापत नाहीत. तो तासून त्याच्यावर धातूची टोपी बसवतात, दाताला कॅप बसवतात तशी, आणि समोरच्या वाटीत धातूचाच कप. हाड वाचतं. गोळा मूळच्या मापाचा राहतो, त्यामुळे सांधा निखळण्याची शक्यता कमी. पुढे कधी टोपी काढायची वेळ आली तर दांड्याचा सांधा बसवायला मांडीचं हाड शिल्लक असतं. अंगमेहनत करणाऱ्या, पन्नाशीच्या आतल्या पुरुषासाठी हे फायदे खरे आहेत.

पण "जास्त चांगलं चालता येईल" हे वचन मी दिलं नाही. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका चाचणीत दोन्ही प्रकारच्या रुग्णांची वर्षभरानंतर तुलना केली होती आणि खुब्याच्या कामगिरीत ठळक फरक सापडला नव्हता. जळगावचे सर्जनही तेच म्हणाले, "हल्लीचा सिरॅमिकचा गोळा आणि चांगल्या पॉलिथिनची वाटी पुष्कळ वर्षं टिकते. मी रिसरफेसिंग करत नाही. तुम्हाला तेच हवं असेल तर जो रोज करतो त्याच्याकडे जा, माझ्याकडे करायला सांगू नका."

पुढच्या साऱ्या शोधात या वाक्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी हाती लागली नाही. ज्या सर्जनला स्वतःची मर्यादा न विचारता सांगता येते, त्याला फाईलमधून वगळायचं नसतं. तो पुढे लागतोच, आणि आप्पांना लागला.

सर्जनच्या हाताला इथे एवढी किंमत का

हे नीट समजावून सांगणारं मराठीत फार थोडं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्ण खुबा बदलताना गोळा कापून बाजूला गेला की वाटी उघडी पडते. सर्जनला समोर स्वच्छ दिसतं, हत्यार सरळ जातं. रिसरफेसिंगमध्ये गोळा जागेवरच असतो. तो बाजूला सारून, स्नायूंखाली सरकवून, त्याच्या आडून वाटीपर्यंत पोचावं लागतं. जागा अपुरी पडली की हत्यार तिरकं जातं आणि कप उभा बसतो. कपाचा कल साधारण ४० ते ४५ अंशांच्या आसपास हवा. तो ५० च्या वर गेला की भार कपाच्या कडेवर येतो. धातूवर धातू घासताना मधे जो द्रवाचा पातळ थर राहायला हवा तो कडेवर राहत नाही. मग कोबाल्ट आणि क्रोमियमचे बारीक कण सुटतात, रक्तात जातात आणि सांध्याभोवतीचं मांस सुजवतात. काहींना तिथे गाठ होते, स्नायू नासतात, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड होऊन बसतं.

दुसरी जागा मानेची. टोपी बसवण्याआधी गोळ्यातून मानेच्या मध्यावर एक तार घालतात आणि तिच्या आधाराने गोळा तासतात. तार थोडी जरी वर गेली तरी तासताना मानेला खाच पडते. खाच पडलेली मान पहिल्या काही महिन्यांत मोडू शकते. गोळ्याचा रक्तपुरवठाही मानेच्या मागच्या बाजूने येतो, तो जपत काम करावं लागतं.

म्हणजे चुकायला जागा दोन, आणि दोन्ही ठिकाणी चूक अंशांत आणि मिलिमीटरमध्ये मोजायची. हा हात पुस्तकाने येत नाही, एकच काम पुन्हा पुन्हा केल्याने येतो. म्हणून सर्जनला "खुब्याची किती ऑपरेशनं केलीत?" असं विचारू नये. विचारावं, "रिसरफेसिंगची किती केलीत, आणि गेल्या वर्षात किती?"

आता कंपनीच्या सांध्याचं. आजचं धातूवर धातूचं रिसरफेसिंग वापरात आणलं ते इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधले सर्जन डेरेक मॅकमिन यांनी. त्यांचा बर्मिंगहॅम हिप हा सांधा १९९७ पासून वापरात आहे आणि त्याची नोंद सगळ्यांत जुनी आहे. त्याच्या यशानंतर इतर कंपन्याही उतरल्या. डीप्यूचा एएसआर हा सांधा त्यातलाच. त्याचा कप उथळ होता, त्यामुळे जरासा उभा बसला तरी कड लागायची. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत घेतला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरून झाला होता. रुग्ण शोधणं आणि भरपाई ठरवणं यात वर्षं गेली. केंद्राच्या समितीचा अहवाल यायला २०१८ उजाडलं. कुणाच्या शरीरात कोणता सांधा आहे याची रुग्णाकडे नोंदच नव्हती, हे तेव्हा ठिकठिकाणी दिसलं. मला त्याचा अजून संताप येतो.

बर्मिंगहॅम हिपही सर्वांसाठी नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या नोंदवह्यांत स्त्रियांचे आणि लहान गोळ्याच्या रुग्णांचे सांधे जास्त निकामी झालेले दिसले. २०१५ मध्ये खुद्द तो बनवणाऱ्या कंपनीनेच तो स्त्रियांसाठी आणि ४६ मिलिमीटर किंवा त्याहून लहान मापांत देणं थांबवलं. परदेशात सिरॅमिकचे रिसरफेसिंग सांधे आले आहेत, ते हे चित्र बदलतीलही, पण त्यांची वीस वर्षांची नोंद अजून व्हायची आहे. आप्पांच्या निवडीत ते नव्हते.

आधी माप, मग माणूस

सर्जनांना फोन लावण्याआधी आप्पा या ऑपरेशनात बसतात का, हे इथेच तपासून घेता येण्यासारखं होतं, आणि ते इथेच केलं.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, पहिलं. कोबाल्ट मूत्रपिंडातून बाहेर पडतो. दोन वर्षं रोज वेदनाशामक गोळ्या खाल्लेल्या माणसाचं मूत्रपिंड गृहीत धरता येत नाही. आप्पांचं १.१ आलं, ठीक. साखर थोडी वर, आटोक्यातली. हाडांची घनता चांगली. धातूची ॲलर्जी आहे का हे कळावं म्हणून खोट्या दागिन्याने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर पुरळ उठतं का, हेही विचारलं. तसं काही नव्हतं.

मग गोळ्याचं माप. साध्या एक्स-रेत हाड खऱ्यापेक्षा मोठं दिसतं आणि किती मोठं ते मशीनच्या अंतरावर ठरतं. मोठ्या केंद्रांत यासाठी ठरावीक मापाची धातूची गोळी ठेवतात. आमच्या एक्स-रेवाल्याकडे ती नव्हती. त्याने २५ मिलिमीटर व्यासाचा जुना स्टीलचा एक रुपया मांडीच्या आतल्या बाजूला, हाडाच्या पातळीवर, फिल्मकडे तोंड करून चिकटपट्टीने लावला. नाणं टेबलावर ठेवलं असतं तर माप चुकलं असतं. फिल्मवर नाणं २९ मिलिमीटर भरलं, गोळा ५८. हिशोब केला की खरा गोळा ५० चा. म्हणजे ४६ च्या सीमेच्या वर, पण फार वर नाही. हे एवढं हातात असल्यावर सर्जनशी बोलणं मोजून-मापून करता येतं.

तीन सर्जन

पहिले जळगावचे, त्यांचं वर आलंच आहे. पूर्ण खुबा बदलण्यात हात बसलेला, घरापासून तासा-दीड तासावर, रिसरफेसिंगला स्वच्छ नकार.

दुसरे मोठ्या शहरातले, महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन रुग्ण तपासणारे. त्यांचं नाव नातेवाइकांत सगळ्यांत जास्त चालत होतं. आप्पांना त्यांनी आपुलकीने तपासलं, हे नोंदवायला हवं. रिसरफेसिंगचं विचारलं तेव्हा म्हणाले, "हो, तेही करतो." किती केली यावर उत्तर आलं, "खुब्यांची हजारो केली आहेत." पुन्हा विचारलं, रिसरफेसिंगची? तेव्हा विषय सांध्याच्या गुणांकडे वळला. कोणता सांधा वापरणार, यावर "इम्पोर्टेड, बेस्ट क्वालिटी." कप किती अंशांत बसतो, जुन्या रुग्णांच्या फिल्म दाखवाल का, यावर "त्याची काळजी आमच्यावर सोडा."

ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. खुबा बदलायला मी त्यांच्याकडे डोळे झाकून पाठवेन. पण ज्या कामात अंश मोजायचे आहेत तिथे "काळजी आमच्यावर सोडा" हे उत्तर पुरत नाही. वर्षाला चार-दोन करणारा सर्जन बाकी सगळ्यांत निष्णात असला तरी या एका ऑपरेशनात तो शिकाऊच राहतो. भारतात प्रत्येक सांध्याची सक्तीने नोंद होत नाही, त्यामुळे कोणाचे किती सांधे बिघडले हे रुग्णाला बाहेरून कळायला मार्ग नाही. विचारणं आणि उत्तर कसं येतं ते ऐकणं, हाच मार्ग.

तिसरे चेन्नईचे. जळगावच्या सर्जननीच सुचवलेले, अनेक वर्षं प्रामुख्याने हेच ऑपरेशन करणारे. फिल्म, एमआरआय, रक्ताचे अहवाल आधी पाठवले. त्यांच्या सहायकाचा पहिला फोन आला तो तारीख द्यायला नव्हता. नाण्याची फिल्म पाहून त्यांनी सांध्याच्या पातळीवर गोळी ठेवून फिल्म पुन्हा काढायला सांगितली, जळगावला काढून घेतली, माप ५० च्याच आसपास आलं. मग व्हिडिओवर स्वतः सर्जन बोलले. मी सोबत होतो. किती केली, याला आकड्यात उत्तर मिळालं, गेल्या वर्षाचा आकडाही. सांध्याचं नाव, कंपनी, माप सांगितलं. पाच-दहा वर्षांपूर्वीच्या रुग्णांच्या फिल्म नावं झाकून दाखवल्या, त्यात बिघडलेला एक खुबाही होता आणि तो का बिघडला हेही त्यांनी न लपवता सांगितलं.

मी एक प्रश्न मुद्दाम राखून ठेवला होता. "तुम्ही कोणाला नाही म्हणता?" त्यांनी यादी सांगितली: स्त्रिया, लहान गोळा, मूत्रपिंडाचा आजार, ठिसूळ हाड, गोळ्याचा मोठा भाग मेलेला, मोठ्या पोकळ्या पडलेल्या. आणि पुढे आप्पांकडे पाहून म्हणाले, "तुमचा गोळा आतून कसा आहे हे मला टेबलावरच पक्कं कळेल. हाड कमी पडलं तर मी तिथेच पूर्ण खुबा बदलेन. त्याचा सेट तयार ठेवतो. दोन्हीची संमती आधी द्यावी लागेल. ते मान्य नसेल तर येऊ नका."

आप्पांना हे आवडलं नाही. एवढ्या लांब जायचं आणि उठल्यावर कळायचं की साधाच सांधा बसवला! मला मात्र नेमक्या याच बोलण्यावर विश्वास बसला. नाही म्हणायची तयारी नसलेला सर्जन कमकुवत हाडावरही टोपी बसवून मोकळा होतो, आणि तिसऱ्या महिन्यात मान मोडते ती रुग्णाची.

वहिनींचा प्रश्न

एवढं सगळं झाल्यावर आप्पांच्या बायकोने विचारलं, "रातले काही व्हयनं ते कोनले बलावानं?"

सर्जनच्या नावावर घरात चर्चा झडत होती आणि हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. चेन्नईचा सर्जन चेन्नईतच राहणार. ताप आला, जखम पाझरली, पिंढरी सुजली, आप्पा मळ्यात घसरून पडले, तर? आमच्या गावांतून रात्री निघालं तरी जळगाव गाठायला वेळ लागतो. लांबचा सर्जन निवडणाऱ्याने हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी सोडवायचा असतो. नंतर कोणी दुसऱ्याच्या खुब्याला हात लावायला तयार होत नाही, हा आमच्याकडचा सगळ्यांचा अनुभव आहे. सर्जनचाही त्यात फारसा दोष नाही. आत काय बसवलंय, कसं बसवलंय ते त्याला माहीत नसतं.

जळगावच्या सर्जनना विचारलं. ते तयार झाले, एका अटीवर: ऑपरेशनची पूर्ण नोंद, सांध्याच्या पेटीवरचे लेबल आणि पहिली फिल्म त्यांच्याकडे आली पाहिजे, आणि चेन्नईच्या सर्जनशी त्यांचं थेट बोलणं झालं पाहिजे. दोघं फोनवर बोलले. गाठ, ताप, पडणं, पायाची सूज यांत पहिली धाव जळगावला. खुबा उघडायची वेळ आली तर आधी चेन्नईला फोन. हे सगळं एका पानावर लिहून घेतलं आणि वहिनींनी ते वाचलं. त्यांचा होकार आल्यावर मला ठरलं असं वाटलं.

पैशाचंही थोडं. रिसरफेसिंगचा सांधा महाग पडतो. २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्या आदेशात खुबा नव्हता. त्यामुळे सांध्याची किंमत, रुग्णालयाचं पॅकेज आणि टेबलावर बेत बदलला तर बिल किती, असं तिन्ही लेखी मागून घेतलं. आप्पांच्या मेडिक्लेममध्ये सांधे बदलायला प्रतीक्षाकाळ होता, तो सुदैवाने उलटून गेला होता. पूर्वमंजुरीच्या अर्जात ऑपरेशनचं नाव नीट लिहिलेलं आहे ना, एवढं पाहिलं. केळीची कापणी आटोपून, हातात पैसा आल्यावरची तारीख घेतली. शेतकऱ्याने असंच करावं, दुखणं थांबण्यासारखं असेल तर. हे थांबण्यासारखं होतं.

ऑपरेशन आणि नंतर

नवजीवन एक्सप्रेस जळगावहून थेट चेन्नईला जाते, एक दिवस-रात्रीचा प्रवास. जाताना अडचण नव्हती. परतीचं मात्र आधी ठरवलं होतं: टाके निघेपर्यंत रुग्णालयाजवळच राहायचं, रक्त गोठू नये म्हणून दिलेलं औषध चुकवायचं नाही आणि गाडीत खालचा बर्थ, दर तासाला पावलं हलवायची, उठून उभं राहायचं. घरी शौचाला उंच भांड्याची सोय आधीच करून ठेवली होती.

टेबलावर हाड पक्कं निघालं आणि ठरल्याप्रमाणे रिसरफेसिंग झालं. पहिली फिल्म आली ती मी आणि जळगावच्या सर्जननी एकत्र पाहिली. कपाचा कल ४२ अंश, मानेला खाच नाही. सांध्याच्या पेटीवरची लेबलं, ज्यांवर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो, तिन्ही फाईलींत चिकटवली: एक आप्पांची, एक जळगावची, एक माझी.

दुखणं लवकर गेलं आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. दुखत नाही म्हटल्यावर आप्पा बागेत. पण टोपीखालची मान पहिल्या सहा महिन्यांत मोडण्याची भीती सगळ्यांत जास्त. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन ओल्या सरीतून चालणं या काळात अजिबात नको, हे चेन्नईच्या कागदावर लिहिलेलं होतं. तरी मुलाला आणि सालदाराला मी वेगळं बोलावून सांगितलं, कारण आप्पांना बागेत अडवणार तेच होते. सुरुवातीला कुबड्या, मग काठी, मग रोज सपाटीवर चालणं. पाय बाजूला उचलण्याचा व्यायाम त्यांना कंटाळवाणा वाटायचा, तोही करून घेतला. सहा महिन्यांनी फिल्म पाहून हळूहळू वजन उचलायला मोकळीक मिळाली.

वर्षाने रक्तातला कोबाल्ट आणि क्रोमियम तपासला. हा नमुना साध्या नळीत घेऊन चालत नाही, सूक्ष्म धातूंच्या तपासणीची वेगळी नळी लागते. जळगावहून नमुना मुंबईला गेला. ब्रिटनच्या नियामकांनी लिटरला ७ मायक्रोग्रॅमच्या वर लक्ष ठेवायला सांगितलं आहे. आप्पांचे दोन्ही आकडे त्याच्या बरेच खाली आले. ही तपासणी आणि फिल्म आता ठरावीक काळाने होत राहणार, दुखत नसलं तरी. मूत्रपिंडाकडेही मी लक्ष ठेवून आहे, कारण साखर आहे आणि गोळ्यांची जुनी सवय आहे. वेदनाशामक गोळी मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, एवढं आप्पांनी कबूल केलंय आणि आतापर्यंत पाळलंय.

आप्पा उकिडवे बसतात, व्हॉल्व्ह स्वतः फिरवतात, मोटारसायकलवर टांग टाकतात. त्यांना पाहून तालुक्यातले बरेच जण चेन्नईचा नंबर मागायला येतात. त्यात पासष्टीच्या मावशी असतात, डायलिसिसच्या उंबरठ्यावरचे एक गुरुजी होते, सिकलसेलचा एक तरुण होता. नंबर मी लगेच देत नाही. आधी दोन्ही खुब्यांची फिल्म, क्रिएटिनिन आणि गोळ्याचं माप. त्यातल्या बहुतेकांना पूर्ण खुबा बदलणंच योग्य असतं आणि ते जळगावात उत्तम होतं. आप्पांच्या डाव्या खुब्यातही आता थोडी झीज दिसते आहे. ती वाढली तर तेव्हाचं वय, तेव्हाचं क्रिएटिनिन आणि तेव्हाचं हाड पाहून पुन्हा पहिल्यापासून ठरवायचं, असं दोन्ही सर्जननी फाईलवर लिहून ठेवलं आहे.